दिवाळीच्या आंघोळीतला स्पंज

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. कुकरची शिट्टी यायला उशीर झाला तरी मी गॅस बंद करून लांब जाऊन उभी राहते. नवरा वायुसेनेत विमानांच्या इंजिनांची देखभाल करतो. त्याचं सगळं आयुष्य प्रचंड आवाजात गेलंय, त्यामुळे माझ्या घाबरण्याची त्याला गंमत वाटते. "तुला कशाची भीती वाटत नाही तेवढं सांग, म्हणजे लवकर आटपेल," असं तो म्हणतो. बरीच वर्षं मी त्याला एकच उत्तर द्यायचे: स्पंजाची.

एम.एस्सी.ला माझं प्राणिशास्त्र होतं. वर्गात सगळ्यांना वाघ, साप, निदान फुलपाखरं तरी हवी असायची. मला मात्र समुद्राच्या तळाशी गपचूप बसलेला स्पंज आवडला. त्याला डोकं नाही, पोट नाही, नसा नाहीत. अंगभर बारीक छिद्रं, म्हणून तर पुस्तकात त्याला रंध्रीय म्हणतात. आत शेपटीसारख्या दोरीने पाणी हलवत राहणाऱ्या पेशी. पाणी छिद्रांतून आत येतं, त्यातले जिवाणू गाळून खाल्ले जातात, आणि उरलेलं पाणी वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर पडतं. जन्मभर एवढंच काम. त्याच्या पोकळ्यांत कोळंबी राहतात, खेकडे राहतात, आणि तो कुणाकडे भाडं मागत नाही.

आता मी लखनौच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. स्पंजाचा धडा आला की मुलं हमखास विचारतात, "मैम, ये सच में जानवर है?" त्यांना दोष कसा द्यायचा? मोठमोठ्या विद्वानांनीही कितीतरी काळ त्याला वनस्पतीच मानलं होतं. जागचा हलत नाही, ओरडत नाही, म्हणजे झाडच असणार. पाणी आत-बाहेर करतो हे कुणीतरी धीर धरून बघितलं तेव्हा कुठे त्याला प्राण्यांत जागा मिळाली. ही गोष्ट मी दरवर्षी हसत हसत सांगायचे. आपल्याच घरात ती पुन्हा घडेल असं मला वाटलं नव्हतं.

लखनौला येण्याआधी नवऱ्याची बदली अंदमानकडे होती आणि आम्ही मायलेकी सातारा जिल्ह्यात सासरी होतो. परत येताना त्याने माझ्यासाठी एक सुकलेला स्पंज आणला. वादळानंतर किनाऱ्यावर पडलेला, लांबट, भुरकट, हातभर. समुद्रातलं काही उचलू नये असं मी त्याला दहादा सांगितलं होतं, म्हणून आधी त्याच्यावर तोंड टाकलं. मग तो स्पंज जुन्या पंच्यात गुंडाळून काळ्या ट्रंकेत ठेवला. फौजी घरांत अशा ट्रंका असतातच. अर्ध्या वस्तू त्यांतून बाहेर निघण्याआधीच पुढच्या बदलीचा कागद येतो. माझाही स्पंज तसाच बांधलेला राहिला, आणि कोणत्या जातीचा आहे ते निवांत बघू म्हणता म्हणता दिवाळी आली.

त्या दिवाळीला सासूबाई गावाहून तेलीबागच्या आमच्या भाड्याच्या घरी आल्या. येताना चकल्यांचा डबा, तिळाचं तेल आणि घरी कुटलेलं उटणं घेऊन आल्या. नरकचतुर्दशीला इथे छोटी दिवाली म्हणतात. संध्याकाळी दिवे लावतात, पण पहाटे तेल-उटणं लावून न्हायची रीत आमच्या शेजारीपाजारी कुणाला ठाऊक नाही. खालच्या भाभी दरवर्षी आश्चर्याने विचारतात, "इतनी ठंड में बच्ची को नहलाती हैं?" सासूबाईंना मात्र ही रीत चुकलेली चालत नाही. नातीला पाटावर बसवून आपल्या हाताने न्हाऊ घालायचं, एवढ्यासाठीच त्या बाई दोन दिवस रेल्वेत बसून आल्या होत्या.

नवऱ्याची ड्यूटी होती, तो पहाटेच गेला. मी स्वयंपाकघरात फराळाची ताटं भरत होते. आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, अंग घासायला काय हाय का न्हाई तुमच्यात?" मी म्हटलं, "असेल तिथेच, बघा ना." रजया काढायला ट्रंक उघडीच होती. त्यांच्या परसात घोसाळ्याचा वेल आहे. जून घोसाळी वेलावरच वाळवायची, साल काढायची, आतल्या जाळीची घासणी करायची. आख्खं घर वर्षभर तिनेच अंग घासतं. ट्रंकेत लांबट, भुरकट, जाळीदार वस्तू पंच्यात गुंडाळलेली दिसली, तेव्हा त्यांना दुसरं काय वाटणार? सुनेने कौतुकाने गावचं घोसाळं जपून ठेवलंय, असंच त्यांना वाटलं.

लेक तेव्हा पाच वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, पण इथल्या शाळेत जायला लागल्यापासून बोलते हिंदीतच. "आजी, चुभ रहा है! आजी, बस!" असं ती ओरडत होती. उटण्याला मुलं ओरडतातच, म्हणून मी काही उठले नाही. सासूबाईंनी हात, पाठ, गाल, कपाळ सगळं चोळून काढलं. बाहेर आली तेव्हा लेकीचं अंग लालबुंद झालं होतं आणि डावा डोळा घट्ट मिटलेला. उटणं गेलं असेल म्हणून आम्ही डोळा पाण्याने धुतला. ती मुठीने चोळत राहिली. फराळाला बसलो तर तिने चकलीलाही हात लावला नाही, आणि तेव्हा मात्र मी ताट बाजूला सारून उठले.

सकाळी उशिरा आम्ही तिघी ई-रिक्षाने आलमबागला गेलो. सणामुळे बहुतेक दवाखाने बंद होते. मेट्रोच्या खांबांखाली एक डोळ्यांचा दवाखाना उघडा मिळाला. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी डोळ्यात नारिंगी थेंब घातला, निळ्या उजेडात बघितलं आणि म्हणाल्या, "कॉर्निया पर खरोंचें हैं. किस चीज़ से रगड़ा था?"

सासूबाईंनी त्यांच्या हिंदीत सांगितलं, "वो भाजी रहती है ना, सुकाके… जाळी."

"नेनुए का जूना?" डॉक्टरांनी विचारलं. नेनुआ म्हणजे घोसाळं, हे मला भाजीवाल्यामुळे माहीत होतं; जूना म्हणजे घासणी. मी मान डोलावली. मी ती घासणी अजून डोळ्यांनी पाहिलीच नव्हती, गावाहून आणली असेल असं धरून चालले होते.

डॉक्टरांचा चेहरा जरा गंभीर झाला. झाडपाल्याने डोळा खरवडला तर बुरशीचा धोका असतो, तिकडे लक्ष ठेवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. त्यांनी थेंब लिहून दिले, उद्या सकाळी दाखवायला सांगितलं. चोळू देऊ नका, हे तीनदा बजावलं. मी मनातल्या मनात बुरशीला घाबरत घरी आले. तेव्हा तेवढीच भीती पुरेशी वाटत होती.

घरी आल्यावर आंघोळीच्या खोलीत गेले. नळाला ती वस्तू लटकत होती, उटण्याने पिवळी झालेली. मी ती हातात घेतली आणि उजेडाकडे धरली. घोसाळ्याच्या जाळीला लांब, सरळ दोरे असतात. याला दोरे नव्हते, छिद्रं होती. लहान छिद्रं, आणि वरच्या टोकाला एक मोठं तोंड.

मी खालीच बसले, ओल्या फरशीवर. मुलांना हसत हसत शिकवलेला पुढचा भाग आता आठवायला लागला. जो प्राणी पळू शकत नाही, तो स्वतःला वाचवणार कसा? काही स्पंज अंगात विष बाळगतात. बहुतेक जण अंगात काटे बाळगतात, ज्यांना पुस्तकात कंटिका म्हणतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. हे काटे कशाचे आहेत त्यावरून स्पंजांचे वर्ग पडतात. चुन्याचे असतील तर एक वर्ग. खोल समुद्रातल्या, सहा टोकांच्या काचेच्या काट्यांचा दुसरा. आणि उरलेल्या बहुतेक साऱ्या स्पंजांचा एक मोठा वर्ग, ज्यात काटे पुन्हा काचेचेच असतात, फक्त त्यांची घडण वेगळी. चौथा एक चिमुकला वर्ग आहे, तो तेव्हा माझ्या डोक्यातही आला नाही. त्या मोठ्या वर्गातच आंघोळीचे स्पंज येतात. त्यांना काटे नसतात, नुसते मऊ तंतू असतात. माझ्या हातातला तो त्यांपैकी असेल तर लेकीच्या डोळ्यात फक्त ओरखडे होते. नसेल तर तिच्या डोळ्यात काच होती.

नवऱ्याला फोन लावला. तो सहज म्हणाला, "अगं बाथ स्पंजच असणार तो. दुकानात मिळतो तसलाच दिसतो की." त्याच्यावर विश्वास ठेवायची मला इतकी इच्छा झाली की फोन ठेवल्यावरही मी क्षणभर हसत होते. मग आठवलं, आंघोळीचा स्पंज पाण्यात भिजला की लोण्यासारखा मऊ होतो. हा भिजून सकाळपासून लटकत होता आणि अजून बोटांना टोचत होता.

तपासायची रीत सोपी आहे. कॉलेजात ती मी कितीदा केली असेल, आनंदाने, गाणी गुणगुणत. एक तुकडा कापून त्यावर व्हिनेगर टाकलं. चुना असता तर फसफसला असता. फसफसला नाही. चुन्याचे काटे निदान विरघळले तरी असते, तो आशेचा धागाही तुटला. मग दुसरा तुकडा काचेच्या वाटीत ठेवून त्यावर कपड्यांचं ब्लीच ओतलं. ब्लीच मांस खातं, तंतू खातं, काच खात नाही. सगळं विरघळलं तर देव पावला. मी ओट्यापाशी उभी राहून वाटीकडे बघत राहिले. बाहेर मुलं लवंगी फटाके उडवत होती, आणि प्रत्येक आवाजाला मी दचकत होते. स्पंज हळूहळू विरघळला, फेस आला, फेस बसला. वाटीच्या तळाशी पांढरी, बारीक पूड उरली.

माझा कॉलेजातला सूक्ष्मदर्शक प्रत्येक बदलीत माझ्याबरोबर फिरतो. नवरा त्याला माझं माहेर म्हणतो. त्या पुडीचा एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि डोळा लावला. सगळं क्षेत्र सुयांनी भरलेलं होतं. दोन्ही टोकांना अणकुचीदार, पारदर्शक, एकावर एक पडलेल्या सुया. मधूनमधून बारीक चांदण्या. या चांदण्या पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मी सगळ्या वर्गाला हाका मारून बोलावलं होतं, इतक्या त्या देखण्या असतात. आता मला त्यांची शिसारी आली. मला ओरडायचं होतं, पण लेक आत झोपली होती.

मागे वळले तर सासूबाई दारात उभ्या होत्या. दोन्ही हात पदराखाली. "काय दिसतंय गं?" त्यांनी विचारलं.

"काच," मी म्हटलं. "आई, ते घोसाळं नाही. समुद्रातला प्राणी आहे तो. त्याच्या अंगात काचेच्या सुया असतात."

त्या एक पाऊल आत आल्या. मग हळूच पदराखालचे हात पुढे केले. तळवे सुजून लाल झाले होते. सकाळपासून चुरचुरत होते आणि त्या बाई गुपचूप सोसत होत्या, एकीकडे सुईने काही निघतं का बघत होत्या. "मी म्हटलं उटण्यात मोहरी जास्त पडली," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. "मी पोरीच्या डोळ्यात काच घातली का गं?"

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. नवऱ्यावर, त्यांच्यावर, त्या भुरकट प्राण्यावर, सगळ्यांवर मला संताप आला होता. पण संतापायलाही वेळ नव्हता. चिठ्ठीवरचा नंबर लावला. डॉक्टर बाईंनी ऐकून घेतलं. "काँच है? आपको पक्का पता है?"

"सामने देख रही हूँ, डॉक्टर."

"फिर अभी लाइए. पट्टी बाँधकर. मलने मत दीजिए, मलेगी तो और अंदर जाएगा."

संध्याकाळच्या त्या रिक्षाच्या प्रवासाइतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोषणाई, अनारांचा धूर. लेक माझ्या मांडीवर, मी तिचे दोन्ही हात घट्ट धरलेले. ती रडत होती, "मम्मी, हाथ छोड़ो, खुजली हो रही है," आणि मी सोडत नव्हते. डोळ्यात काच असलेल्या मुलीला रडू द्यावं की हसवावं, हेही मला कळत नव्हतं. सासूबाई समोर बसून काहीतरी पुटपुटत होत्या. त्यांना देवाचं नाव आठवत होतं. मला आठवत होतं की समुद्री कासव स्पंज काट्यांसकट खातं आणि त्याला काही होत नाही. संकटात लोकांना काय काय आठवतं बघा.

आता काय शोधायचं ते ठाऊक असल्यामुळे डॉक्टरांना ते सापडलं. वरची पापणी उलटी केली तर आत बारीक चकाकी होती, सकाळी ओलाव्याची वाटली असेल अशी. प्रत्येक उघडझापेला त्या सुया बुबुळावर ओढल्या जात होत्या. मोठ्या इस्पितळात चिठ्ठी दिली गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं लखनौ लक्ष्मीपूजनाच्या तयारीत असताना, लेकीला भूल देऊन आत नेलं. नवरा रात्रीच येऊन पोचला होता. एरवी माझ्यावर हसणारा तो माणूस दाराबाहेर भिंतीला डोकं टेकून उभा होता. त्याला घाबरलेलं बघून माझी भीती दुप्पट झाली.

बऱ्याच वेळाने तिथले डॉक्टर बाहेर आले. पापणीतलं सगळं निघालं, बुबुळावरचंही बहुतेक निघालं. "एक टुकड़ा रह गया है," ते म्हणाले. "गहरा है, बीच से ज़रा हटकर. उसे खोदेंगे तो दाग बड़ा बनेगा, नज़र पर असर पड़ेगा. रहने देते हैं. शायद कभी कुछ न करे."

"और करे तो?"

"तो देखेंगे. आप नज़र पर ध्यान रखिए. ज़रा भी धुंधला बताए तो फ़ौरन लाइए."

काच विरघळत नाही. शरीर तिला पचवत नाही, विसरतही नाही. प्राणी मरून गेला, त्याचं मांस कुठल्याशा किनाऱ्यावर सुकून गेलं, आणि त्याची एक सुई माझ्या लेकीच्या डोळ्यात राहिली. सासूबाई दिवाळीनंतर लगेच गावी जाणार होत्या, त्या गेल्या नाहीत. थेंब घालायची वेळ त्या कधीच चुकवत नसत. आम्ही दोघी त्या दिवसाबद्दल बोललो नाही, पण कधीतरी एकमेकींना चहा करून देताना माझा राग निघून गेला. त्यांचे तळवे बरे झाले. लेकही पट्टी काढून धावायला लागली.

माझी भीती तेवढी गेली नाही. मी रोज सकाळी पोळ्या लाटता लाटता लेकीला बोलवायचे, तिचा चांगला डोळा माझ्या तळव्याने झाकायचे आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे आकडे वाचायला लावायचे. कॅलेंडर किराणावाल्याचं, आकडे टपोरे. मी लांबूनच लाटण्याने, सवयीने रोज त्याच तीन चौकटी दाखवायचे. ती भराभर बोलायची, "तीन. ग्यारह. अट्ठाईस." एकदाही अडखळली नाही. मला जरा हायसं वाटायचं आणि तेवढ्या जोरावर दिवस निघून जायचा.

मग महिना बदलला. सकाळी नवऱ्याने पान उलटलं आणि मी नेहमीसारखं लाटणं रोखलं. ती भराभर म्हणाली, "तीन. ग्यारह. अट्ठाईस."

नव्या पानावर त्या चौकटींत ते आकडे नव्हते. पहिल्या चौकटीत तर काहीच नव्हतं.

माझ्या हातातून लाटणं खाली पडलं. इतके दिवस ही पोर पाठ केलेलं म्हणत होती. किती दिवसांपासून दिसत नव्हतं? मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. हात तिच्या चांगल्या डोळ्यावर तसाच होता. "खरं सांग मला. दिसतं की नाही? धुंधला दिखता है?"

"दिखता है."

"मग वाचलं का नाहीस?"

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग मोठ्या माणसांसारखी समजूत घालत म्हणाली, "मम्मी, मैं धीरे-धीरे पढ़ती हूँ तो तुम डर जाती हो. इसलिए मैंने याद कर लिया था."

ती त्या उघड्या, डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली. मग पुढे झाली, बारीक बोट माझ्या डाव्या पापणीकडे नेत म्हणाली, "तुम्हारी पलक पे आटा लगा है. इत्ता सा."

मी हात लावून बघितलं. खरंच कणीक होती.